कठडा जुळेना

शेजारीशेजारी काढलेले चार-पाच फोटो जोडून त्यांचा एक लांबरुंद देखावा करून देणारी सॉफ्टवेअरं आज इतकी झाली आहेत, की त्यांतलं एक निवडायला बसलं की दुपार कधी कलली ते कळत नाही. दावा मात्र सगळ्यांचा एकच: जोड दिसणार नाही. मला हा दावा फार आवडतो. दुनियेतला बाकी सगळा माल काय दिसेल आणि किती उठून दिसेल याच्या गमजा मारत असतो. इथे एक अख्खा व्यवसाय काय दिसणार नाही याची हमी देत उभा आहे. दोन फोटो जिथे भेटतात तिथे आभाळाचा रंग बदलू नये, झाडाची फांदी मध्येच तुटू नये, उडत्या घारीला तिसरा पंख फुटू नये, म्हणून कुठल्या कुठल्या देशांतल्या गणितज्ञांनी आपली उमेदीची वर्षं घातली आहेत. आणि त्यांच्या कामाची सर्वांत मोठी पावती म्हणजे त्यांनी काही केलं आहे हे कुणाच्या लक्षातच न येणं. इतकी निरिच्छ वृत्ती आपण संतचरित्रांतच वाचलेली असते. किमतीच्या रकान्यात काहींची निरिच्छता जराशी ढळते, ते सोडा.

हल्ली अर्थात हे काम फोनच करतो. 2012 साली आयफोनमध्ये ही सोय आली आणि बघताबघता सगळ्यांच्या खिशात गेली. कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी संध्याकाळी पॉइंटवर जाऊन उभे राहा. हात लांब केलेली, श्वास रोखलेली माणसं पडद्यावरच्या बाणाला रेषेवरून ढळू न देता स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत असतात. फोन मध्येच दटावतो, सावकाश. माणूस लगेच सावकाश होतो. बायकोचं इतक्या तत्परतेने ऐकलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती. सूर्यास्त बघायला आलेला तो गृहस्थ सूर्याकडे पाठ करून बाणाकडे टक लावून असतो आणि बाण टोकाला पोचला की कृतकृत्य होतो. घरी गेल्यावर तो विशाल देखावा फोनवर बोटभर रुंदीच्या पट्टीएवढा दिसतो. नीट बघायचा तर दोन बोटांनी मोठा करावा लागतो, आणि मोठा केला की एकावेळी त्याचा एक तुकडाच दिसतो. म्हणजे आधी तुकडे जोडायचे आणि मग तुकड्यातुकड्यांनीच बघायचे. यात काही विसंगती आहे असं मला वाटतं, पण आजवर कुणी त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

सगळंच एका नजरेत मावावं ही हौस काही फोनवाल्यांची नव्हे. एडिंबरोमध्ये रॉबर्ट बार्कर नावाचा एक आयरिश चित्रकार राहत असे. कॅल्टन हिल या टेकडीवरून शहर पाहताना त्याच्या मनाने घेतलं, की चित्राला चौकट असते हीच मोठी खोट आहे. चौकटच काढून टाकायची, माणसाला मधोमध उभं करायचं आणि देखावा त्याच्याभोवती गोल फिरवून आणायचा. 1787 साली त्याने या कल्पनेचं रीतसर पेटंट घेतलं आणि 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. तिकीट काढून आलेल्या माणसाला आधी अंधाऱ्या बोळातून नेत, जिना चढवत आणि मग एकदम उजेडात, मधल्या चौथऱ्यावर सोडून देत. बाहेरचं जग डोळ्यांतून पुसलं गेलं पाहिजे, म्हणून ही अंधाराची योजना. याच बार्करने लंडनच्या लोकांना पैसे घेऊन लंडन दाखवलं. खरं लंडन दाराबाहेर फुकट पसरलेलं असताना लोक ते रंगवलेलं बघायला रांगा लावत. हसू येतं खरं, पण खरं शहर कधी आपल्यासाठी मधोमध चौथरा मांडून ठेवत नाही. पुढे 1800 साली रॉबर्ट केर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचं प्रचंड चित्र लंडनमध्ये मांडलं. टिपू पडून वर्ष उलटतं न उलटतं, तोच त्याचा शेवट तिकडे तिकीट लावून पाहायला मिळू लागला होता.

या सगळ्या गोल चित्रांत माझं मन अडकलं आहे ते हेगमधल्या एका चित्रात. हेंड्रिक विलेम मेस्दाख याने 1881 साली स्खेव्हेनिंगेनचा समुद्रकिनारा रंगवला. उंची सुमारे 14 मीटर, घेर सुमारे 120 मीटर. ते चित्र अजून तिथेच आहे. वाळू, मासेमारीच्या होड्या, गाव, घोडदळ, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात पांढऱ्या छत्रीखाली चित्र काढत बसलेली एक बाई. ती मेस्दाखची बायको सिना. ती स्वतः चांगली चित्रकार होती आणि हे चित्र रंगवायलाही तिचा हात लागला होता. एवढा समुद्र, एवढं आभाळ रंगवायला घेतलेल्या माणसाला त्यात आपली बायको एका बाजूला बसवून घ्यावीशी वाटली, हे मला त्या 120 मीटरपेक्षा मोठं वाटतं. सिनाला मात्र एक सोय होती. रंगवलेली बाई जागची हलत नाही.

त्याच हॉलंडमध्ये, जिथे डोंगर औषधालाही सापडत नाही, आजचं एक अत्यंत नावाजलेलं जोडकामाचं सॉफ्टवेअर तयार होतं, पीटीगुई. सपाट प्रदेशातल्या लोकांना क्षितिजाचं अप्रूप जास्त असावं. आपल्याला सगळीकडे डोंगर आडवे येतात. पीटीगुईचं मूळ जर्मनीत आहे. फुर्टवांगेनच्या हेल्मुट डेर्श या प्राध्यापकाने 1998 मध्ये पॅनोरामा टूल्स नावाची गणिती अवजारं लिहिली आणि लोकांना फुकट देऊन टाकली. ती अतिशय हुशार होती आणि हुशार माणसांप्रमाणे त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. म्हणून त्यांना माणसात आणण्यासाठी इतरांनी पुढे बटणं, पडदे, खिडक्या बसवल्या. त्यांतलं एक पीटीगुई, विकतचं. दुसरं ह्यूगिन, हौशी लोकांनी मिळून चालवलेलं आणि फुकट. हे नाव नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या कावळ्याचं आहे. तो दिवसभर जगावरून घिरट्या घालतो आणि पाहिलेलं सगळं परतल्यावर देवाच्या कानात सांगतो. (मराठी घरात या नावाचा उच्चार जरा लांबवूनच करावा.)

पूर्वी दोन फोटोंतली समान ठिकाणं माणसाला डोळे फोडून शोधावी लागत. या झाडाचा शेंडा तो त्या झाडाचा शेंडा, या खिडकीचा कोपरा तो त्या खिडकीचा, असं एकेक टिचकी मारून सांगायचं. मग कॅनडातल्या डेव्हिड लोव्ह यांनी 1999 मध्ये एक रीत मांडली, की फोटो तिरका झाला, लहानमोठा झाला, तरी त्यातल्या खुणेच्या जागा संगणकाला आपल्या आपण ओळखता याव्यात. 2003 मध्ये लोव्ह आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू ब्राउन यांनी त्यावर कळस चढवला. फोटोंचा वाटेल तसा विस्कटलेला गठ्ठा समोर टाका, कोण कुणाच्या शेजारचा हे यंत्रच ओळखेल, आणि गठ्ठ्यात दोन वेगळे देखावे मिसळले असतील तर तेही निरनिराळे करून देईल. ऑटोस्टिच हे त्यांचंच अपत्य. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागानेही आइस नावाचं एक सुरेख, फुकट सॉफ्टवेअर काढलं होतं. लोकांना ते आवडलं, आणि मग ते बंद झालं. जुने जाणकार त्याची प्रत अजून जपून ठेवतात. कोलोर या फ्रेंच कंपनीचं ऑटोपॅनो फार गाजलं. 2015 मध्ये गोप्रोने कंपनी विकत घेतली आणि 2018 मध्ये दुकान मिटलं. जोड कायमचे करून देणाऱ्यांची आयुष्यं इतकी थोडी असावीत, आणि माझ्या वडिलांनी डिंकाने चिकटवलेले फोटो अजून धरून असावेत, हे पाहून डिंकाबद्दलचा माझा आदर दुणावला.

तर ते फोटो. सत्तरीचं दशक सरता सरता आमची मंडळी एसटीने महाबळेश्वरला गेली होती. मी तेव्हा कडेवरून नुकता उतरलो होतो, त्यामुळे मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते फोटोच. बाबांजवळ आग्फाचा क्लिक थ्री होता. त्यात 120चा रोल बसायचा आणि रोलमध्ये फोटो यायचे 12, चौकोनी. फोटो काढला की बटण पिळायचं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा लाल काचेच्या खिडकीत डोळा लावून बसायचं. आधी काही ठिपके सरकत येत, मग पुढचा आकडा हळूहळू उगवून खिडकीत मधोमध येऊन थांबे. हा आकडा घरच्या हिशेबातला होता. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रती काढण्याचे पैसे. सहलीला माणसं तर डझनावारी आलेली. अशा वेळी आर्थर सीटच्या कठड्याजवळ उभं राहून माझ्या वडिलांनी एका रोलातले पाच फोटो ओळीने नुसत्या डोंगरांवर खर्च केले. डावीकडून उजवीकडे, कणाकणाने वळत, प्रत्येक वेळी बटण पिळत. वेण्णा लेक, जुन्या महाबळेश्वरचं देऊळ, काका-काकू आणि आम्ही सगळी चिल्लीपिल्ली मिळून उरलेल्या सातांत बसलो. एका मावशीने या गोष्टीचा पुढे अनेक वर्षं उल्लेख केला.

ते पाच फोटो अल्बमच्या काळ्या पानावर एकावर एक किंचित चढवून लावलेले होते. पान पुरलं नाही म्हणून पाचवा फोटो पुठ्ठ्याची बिजागरी करून बाहेर लटकवलेला, म्हणजे अल्बम मिटताना तो आत दुमडायचा. सगळ्या पाहुण्यांना तो उलगडून दाखवण्याचा मान बाबांचा. हेच पाच फोटो सॉफ्टवेअरकडून जोडून घ्यायचं मी मनावर घेतलं. निगेटिव्ह मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या पावसाळ्यांनी एकमेकींना अशा घट्ट चिकटवून ठेवल्या होत्या, की त्यांचा पॅनोरामा आधीच पुरा झाला होता. मग मी फोटोच सोडवायला घेतले. बाबांनी डिंक कडेला एका रेघेतच लावला होता. फोटोला कात्री लावायला जीव धजला नसावा. पातळ सुरी घालून हलकेच वर उचललं की टक् असा आवाज व्हायचा आणि एक फोटो दुसऱ्यापासून मोकळा व्हायचा. वरचा सगळा भाग उजेड खाऊन चहाच्या डागासारखा झालेला. पण शेजारच्या फोटोखाली दबलेली दोन बोटं रुंदीची पट्टी मात्र परवा धुऊन आणल्यासारखी काळीपांढरी, लखलखीत. आणि दुसऱ्या फोटोच्या त्या झाकलेल्या पट्टीत आई होती.

आम्हाला त्या चित्रातली आई माहीत होती ती पाठमोरी. तिसऱ्या फोटोत, कठड्याला टेकून दरीकडे पाहणारी, पदर वाऱ्याने वर उडालेला. (त्या जागी दरीत टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याबरोबर परत वर येते, पदराने तरी काय करावं?) ही दुसरी आई त्याच्या क्षणभर आधीची होती. तोंड कॅमेऱ्याकडे, डोळ्यांवर ऊन, कपाळाला आठी आणि ओठ अर्धवट उघडे. ती काहीतरी बोलत होती. एका चित्रात एकच बाई दोनदा कशी येणार, असा विचार करून बाबांनी तिसरा फोटो दुसऱ्यावर चढवला होता आणि बोलणारी आई त्याच्याखाली गेली होती. जोडकामाच्या सगळ्या सॉफ्टवेअरांना जो निर्णय घ्यावा लागतो, की दोन फोटो एकाच जागेबद्दल निरनिराळं सांगू लागले तर कुणाचं धरायचं, तो त्यांनी डिंकाच्या बाटलीवर बोट ठेवून घेतला होता.

फोटो स्कॅन करून मी एकेक सॉफ्टवेअरपुढे ठेवायला लागलो. जुन्या फोटोंना ही मंडळी जरा बिचकतात. आजचा फोटो आपली कुंडली पोटात घेऊन येतो: कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती वाजता. बाबांचे फोटो मुके. ह्यूगिनने ते घेताच अदबीने विचारलं, दृष्टीचा आडवा आवाका किती अंश? ज्यांना ते ठाऊक असायची शक्यता होती त्यांना विचारायची सोय आता नव्हती. मी 40 लिहून दिले. एका सॉफ्टवेअरने काही न विचारता घेतले आणि परतही काही न सांगता केले. दुसऱ्याने भलत्याच आत्मविश्वासाने डोंगर जोडले. सह्याद्रीचा कडा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक, आडवे, सारखे. त्याने इकडचा दुसरा थर तिकडच्या तिसऱ्याशी बसवला आणि सबंध सह्याद्री मध्येच एक पायरी चढला. भूगर्भशास्त्रज्ञांनी न पाहिलेला तो कडा मी थोडा वेळ ठेवून घेतला होता. शिवाय प्रत्येक ठिकाणी देखावा सपाट कागदावर कसा अंथरायचा याची यादी. तीत 1569 सालच्या मर्केटरचाही पर्याय असतो. ज्या हिशेबाने खलाश्यांनी समुद्र ओलांडले, तो आर्थर सीटच्या कठड्याला लावून बघायला मिळाला याचं मला अप्रूप वाटलं. एका हिशेबात कठडा सरळ राहतो पण कडेची माणसं फुगतात. दुसऱ्यात माणसं बेताची राहतात आणि कठडा धनुष्यासारखा वाकतो.

आई तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मेथी निवडत होती आणि मी सॉफ्टवेअर. तिचं आधी झालं. तिने चष्मा पुसला आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे दुसरा आणि तिसरा फोटो शेजारीशेजारी होते आणि दोन्हींवर सारख्याच आकड्यांचे रंगीत ठिपके उमटले होते. इकडे 14, तिकडे 14. इकडे 15, तिकडे 15.

"पत्रिका जुळवतोयस?"

"तसंच काहीसं."

"किती जुळले?"

"एकशे बारा."

"अगबाई! आमचे साडेअठरा जुळले होते. अण्णा तेवढ्यावर नकोच म्हणत होते." मग जरा वाकून पाहत, "एवढे जुळलेत तर अडलंय कुठे?"

"कठडा जुळत नाही, आई. डोंगर सगळे बसले. कठडा दोन ठिकाणी तुटतो."

"हे सरकले असतील. फोटो काढताना एका जागी कधी उभे राहिलेत?"

या विषयावरच्या जाडजूड पुस्तकांत जे प्रकरण आकृत्यांसह समजावून दिलेलं असतं, ते आईने मेथीच्या काड्या गोळा करता करता उरकलं. देखावा जोडायचा तर कॅमेरा लेन्समधल्या एका ठराविक बिंदूभोवती फिरावा लागतो. त्यासाठी तिपाईवर बसवायची खास साधनं मिळतात. कॅमेरा गळ्यात अडकवून माणूस पावलांवर वळला, की तो बिंदूही इकडून तिकडे सरकतो. डोळ्यांसमोर बोट धरून एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा मिटून पाहा: भिंत जागची हलत नाही, बोट मात्र उडी मारतं. डोंगराला बाबांच्या चार पावलांनी काही फरक पडला नव्हता. कोकण तर पार खाली पसरलेलं, त्याला त्यांचं तिथे असणंही ठाऊक नसावं. लांबचं सगळं चटकन जुळतं. जुळायला नकार देतं ते हाताशी असलेलं: कठडा, कठड्यावर ठेवलेला थर्मास आणि अर्थातच आई.

आईचं तर प्रत्येक सॉफ्टवेअरने वेगळंच केलं. एकाने जोड नेमका तिच्या अंगावरून नेला. डावा हात बोलणाऱ्या आईचा, पदर पाठमोऱ्या आईचा आणि मान कुणाचीच नाही. एकाने दोन्ही फोटो समसमान विरघळवले, तेव्हा तिच्या पोटातून सावित्रीचं खोरं दिसू लागलं. सर्वांत नवं, सर्वांत हुशार म्हणवणारं होतं त्याने तिला साफ पुसलं. गवत होतं, कठडा होता, थर्मास होता. आई नव्हती, आणि ती कधी होती अशी पुसटशी खूणही नव्हती. जोड मात्र खरंच कुठे दिसत नव्हता. त्यांच्या भाषेत अशा हलणाऱ्या माणसांना भुतं म्हणतात आणि ती घालवण्याची स्वतंत्र सोय असते. तज्ज्ञांचं यात काही चुकत नाही. जत्रेत, बाजारात, समुद्रावर काढलेल्या फोटोंत परकी माणसं अर्धवट लोंबत राहिली तर कुणाला आवडेल? पण ते यंत्र परक्याला जसं ओळखत नाही तसं घरच्यालाही ओळखत नाही. हललं की भूत, एवढाच त्याचा निकष.

न हलणारी दुनिया हवी असेल तर मंगळावर जावं. क्युरिऑसिटी या गाडीने 2019च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथला देखावा टिपला. तिला चालवणारी माणसं तेव्हा सणाच्या सुट्टीवर होती, म्हणून ती एका जागी थांबून होती. हजाराहून अधिक फोटो, सगळे तिथल्या दुपारी बारा ते दोनच्या उन्हातले, म्हणजे सावल्यांचा घोळ नको. आणि त्यांचा जोडून झालेला चित्रपट्ट जवळजवळ 1.8 अब्ज बिंदूंचा. सगळं कसं चोख. तिथे कुणाची आई फोटो चालू असताना मुलाचा हात धरून कठड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात नाही. उलट गेल्या शतकाच्या सुरुवातीला सर्कट नावाचा एक कॅमेरा होता, किल्ली दिली की आपल्या पायावर सावकाश गोल फिरणारा. शाळाशाळांतून त्याने लांबच लांब सामुदायिक फोटो काढले जात. कॅमेरा डावीकडून निघाला की डावीकडचा एखादा वांड मुलगा आपला फोटो निघताच मागच्या मागे धूम ठोकायचा, कॅमेऱ्याच्या आधी उजवं टोक गाठायचा आणि तिथेही साळसूदपणे उभा राहायचा. शेकडो मुलं एकदा आणि हा एकटा दोनदा. मास्तरांनी छापून आल्यावर काय केलं असेल ते असो. आज तो फोटो पाहणाऱ्यांना नाव ठाऊक नसलेला तोच एक मुलगा ओळखीचा वाटतो.

शेवटी मी ह्यूगिन ठेवलं. पीटीगुईही याच कामाचं आहे आणि कितीतरी चटपटीत; पण पाच फोटोंसाठी विकत घ्यायचं तर बाबांच्या रोलचा हिशेब आठवला. या दोघांची एक गोष्ट मला पटली. जिथे दोन फोटोंचं जमत नाही तिथे ती माणसाला विचारतात. फोटोवर कुंचल्याने किंवा रेघ ओढून सांगता येतं, एवढा भाग काहीही झालं तरी ठेव, एवढा टाक. मी दुसऱ्या फोटोतल्या आईभोवती रेघ ओढली आणि ठेव म्हटलं. तिसऱ्यातल्या आईभोवती ओढली आणि ठेव म्हटलं. कठडा दोन ठिकाणी तुटलेलाच ठेवला. तो बाबांच्या पावलांचा आहे. जिथे ते सरकले तिथे लोखंडी नळी बोटभर खाली उतरते आणि पुन्हा चालू लागते. जोड दिसतो. नीट दिसतो.

छापून आणल्यावर तो पट्टा टेबलावर मावेना, म्हणून दिवाणावर पसरला. आईने डावीकडून उजवीकडे, बाबा वळले असतील त्याच संथपणाने, सगळे डोंगर पाहिले. बोलणाऱ्या स्वतःपाशी थांबली.

"काय म्हणत होतीस गं इथे?"

"काय म्हणणार? 'अहो, पुरे आता' म्हणत होते. तिकडे मुलं कोकलताहेत, एसटीची वेळ झालीय आणि हे आपले खिडकीत डोळा घालून आकड्याची वाट बघताहेत." मग तिचं लक्ष पाठमोरीकडे गेलं, पुन्हा पहिलीकडे आलं, पुन्हा दुसरीकडे. "आणि हे काय रे? दोन-दोन मी, आणि दोघींच्याही हातात पिशवी! एकीला तरी मोकळं सोडायचंस."

पिशवी काढायची सोय यात नाही, असं मी तिला सांगितलं.

"मग एवढे दिवस निवडलंस काय?"